ढोरं कुठं गेली?
गोल्फच्या मैदानाबद्दल शिबिरात झालेलं भाषण

(तालुका शिबिरात दुसऱ्या दिवशी एका साथीने केलेलं हे भाषण. बोलले तसंच बहुतेक ठेवलं आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाडीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



काल रात्री जेवणं झाल्यावर खालच्या वाडीतली एक आजी माझ्यापाशी आली. तिच्या हातात रंगीत कागद होता. मागच्या महिन्यात दोन गाड्या भरून माणसं आली होती ना, फोटो काढत होती, त्यांनी पोरांना वाटलेला. कागदावर हिरवंगार गवत, मागं डोंगर, पुढं तळं. मधी पांढरी टोपी घातलेला एक माणूस काठी उगारून उभा. आजी म्हणाली, "बाळा, ह्यो कोनाला मारतोय?" मी म्हटलं, "आजी, चेंडूला." आजीनं कागद उलटासुलटा करून पाह्यला आणि म्हणाली, "येवढ्या रानात एकटाच? आन् ढोरं कुठं गेली?"

आजच्या भाषणात मला एवढंच सांगायचं आहे. ढोरं कुठं गेली.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. ऐकीव नाही सांगत. मी शहरात दोन वर्षं गोल्फच्या मैदानावर रोजानं कामाला होतो. मैदानाचं नाव घेत नाही, नावाशी आपल्याला काम नाही. पहाटे उजाडायच्या आत गवतावरचं दव लांब बांबूनं झाडायचं, वाळूचे खड्डे दाताळ्यानं सारखे करायचे, मग साहेब लोकांच्या पिशव्या उचलून मागं चालायचं. पिशवीत चौदा काठ्या. लांब मारायची वेगळी, जवळ मारायची वेगळी, वाळूतून काढायची वेगळी.

चेंडू मोठ्या लिंबाएवढा. भोक सव्वाचार इंच रुंद, आमटीच्या वाटीएवढं. लांबून चेंडू मारत मारत त्या भोकात घालायचा. कमीत कमी टोल्यांत जो घालेल तो जिंकला. एक भोक शे-दीडशे पावलांवर असतं, एक पाचशे पावलांवर. अशी अठरा भोकं. या अठरा वाट्यांसाठी जमीन लागते सव्वाशे-दीडशे एकर. हे नुसतं मैदान झालं. त्याच्या भोवती हॉटेल, बंगले, रस्ते, ते वेगळं.

खेळ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सकाळच्या गार वाऱ्यात माणूस चार-पाच तास चालतो, आपले टोले आपणच मोजतो. लबाडी करायची म्हटली तर कुणी बघायला नसतं, तरी बरेच जण खरं सांगतात. एक म्हातारे साहेब तर मला हातात काठी देऊन मारायला शिकवायचे. खेळावर माझा राग नाही. तो खेळ कुठं मांडायचा, आणि तिथं आधी कोण होतं, हा माझा प्रश्न आहे.

तेच साहेब एकदा मला म्हणाले, "तुला सांगतो, इथं पूर्वी काही नव्हतं. नुसता उघडा माळ." मी मान हलवली. दुपारी भाकरी खायला बसलो तर गवत निंदणाऱ्या बायांत एक म्हातारी होती. तिला मी साहेबांचं बोलणं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "हितं आमच्या गावाचं गुरचरण व्हतं. मी पोर असताना हितं शेळ्या वळल्यात. आता त्याच जागंचं गवत निंदते, रोजानं." साहेब खोटं बोलत नव्हते, साथींनो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या नकाशावर ती जागा रिकामीच होती.

आता कुणी विचारील, शहरात मैदानं आहेत तर हे लोक आपल्या डोंगरात कशाला येतात? त्याचं कारण असं. ज्यांच्याकडं पैसा आहे ते गोल्फवाले एका मैदानावर थांबत नाहीत. आज समुद्राकाठी, उद्या डोंगरात, परवा दुसऱ्या देशात, असे ते खेळायला फिरतात. रोज त्याच मैदानावर खेळून कंटाळा येतो म्हणतात. त्यांना दोन गोष्टी लागतात, देखावा आणि अवघडपणा. एका टोल्यात ओहोळ पार करायचा, दरीच्या कडेवरून मारायचं, झाडीतून वाट काढायची. कागदावर याला 'आव्हान' म्हणतात. म्हणजे बघा, नांगराला जी जमीन अवघड, वरकस, उताराची, तीच त्यांना सोन्यासारखी. आपल्या बापजाद्यांना सपाट जमिनीवरून हाकललं, ते डोंगराला आले. आता डोंगराचाच भाव आला.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. मैदान हे गळाला लावलेलं गांडूळ आहे. मासा वेगळाच असतो. मैदानावर फार कमाई होत नाही. कमाई असते भोवतालचे बंगल्याचे प्लॉट विकण्यात. खिडकीतून हिरवळ दिसली की त्याच प्लॉटचा भाव चढतो. म्हणून दीडशे एकरांचं मैदान दाखवतात आणि जमीन त्याच्या कितीतरी पट मागतात.

आता पाणी. मैदानाचं गवत आपल्या रानातल्या गवतासारखं नसतं. भोकाजवळचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात, भाताच्या दाण्याच्या निम्म्याएवढं. रोज कापायचं, रोज पाणी, वर खत, कीड लागली की औषध. आपल्याकडं पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तो हे खत-औषध धुऊन ओहोळात आणणार. आणि उन्हाळ्यात? गरम मुलखात अठरा भोकांच्या मैदानाला उन्हाळ्यात रोज दहा लाख लिटर, कधी त्याहून जास्त पाणी लागतं. आता हिशोब करा. सरकारच्या जुन्या मापानं खेड्यातल्या माणसाला दिवसाला चाळीस लिटर धरत होते. तीनशे माणसांच्या वाडीला झाले बारा हजार. म्हणजे मैदान एका दिवसात जेवढं पिणार तेवढं पाणी आपल्या एका वाडीला ८३ दिवस पुरेल. चैत्र-वैशाखात आपल्या बाया झऱ्यावर रात्रीच्या हंडे लावून बसतात. त्या झऱ्याच्या वरच्या अंगाला हे मैदान येणार.

हे ऐकून वाटतं, गोल्फ म्हणजे पहिल्यापासून श्रीमंतांनी जमीन हडपायचा धंदा. तसं नाही. याचं माहेर ऐकलं तर गंमत वाटेल. स्कॉटलंड नावाचा मुलूख आहे, इंग्लंडच्या वरच्या अंगाला. तिथं सेंट अँड्र्यूज नावाचं समुद्राकाठचं गाव. गावाजवळ वाळूची पट्टी, नांगर चालत नाही अशी. जुन्या काळापासून लोक तिथं हा खेळ खेळायचे. पाणी पावसाचं, गवत आपोआप उगवलेलं. १५५२ साली तिथल्या मोठ्या धर्मगुरूनं सनद लिहून दिली की या पट्टीवर खेळायचा हक्क गावच्या लोकांचा आहे. पुढं १७९७ च्या सुमारास गावाची पालिका कर्जात बुडाली आणि ती जमीन सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हातात गेली. लोक भांडले, कोर्टात गेले. वीस-पंचवीस वर्षं भांडण चाललं. १८२१ साली ती जमीन सोडवली गेली, आणि पुढं १८९४ मध्ये कायदा होऊन गावाच्या ताब्यात आली. आजही तिथलं सगळ्यात जुनं मैदान रविवारी खेळाला बंद असतं. त्या दिवशी गावचे लोक त्यावरून पोराबाळांना, कुत्र्यांना घेऊन फिरतात. जगभरचे गोल्फवाले त्या जागेच्या पाया पडायला जातात, आणि ती जागा आहे गावाची सामाईक! का राहिली? गावाकडं कागद होता, आणि गाव भांडलं.

जिथं कागद नव्हता तिथं काय झालं ते आता ऐका.

कॅनडा देशात माँट्रियाल हे मोठं शहर. त्याच्या पश्चिमेला कानेसाताके नावाची मोहॉक आदिवासींची वस्ती आहे. १७१७ साली फ्रान्सच्या राजानं ती जमीन पाद्र्यांच्या एका संस्थेच्या नावे केली. राहणारे आदिवासी, आणि कागद पाद्र्यांचा. मोहॉक लोक पिढ्यान् पिढ्या सांगत राहिले, जमीन आमची. कुणी ऐकलं नाही. १९३६ मध्ये पाद्र्यांनी जमीन विकली. तिथं पाइनच्या झाडांचं रान आहे आणि रानाला लागून त्यांचा मसणवटा. १९६१ साली त्या जागेत नऊ भोकांचं मैदान झालं. लोकांनी विरोध केला, तरी झालं. १९७७ मध्ये त्यांनी सरकारकडं जमिनीचा दावा लावला. १९८६ मध्ये दावा फेटाळला. मग १९८९ मध्ये ओका नावाच्या शेजारच्या गावाच्या नगराध्यक्षानं सांगितलं की नऊची अठरा भोकं करायची आणि साठ घरं बांधायची. म्हणजे रान तोडायचं आणि मसणवट्यापाशी जायचं.

मार्च १९९० मध्ये मोहॉक लोकांनी रानातल्या कच्च्या वाटेवर आडवं घातलं. बाया पुढं होत्या. त्यांच्यात जमीन सांभाळणं हे बायांचं काम मानतात. ११ जुलैला पहाटे पोलीस आले, अश्रुधूर सोडला, गोळीबार झाला. त्यात एक पोलीस मेला. गोळी कुणाची ते आजवर ठरलं नाही. तोही कुणाचा तरी लेक होता, साथींनो. त्यानंतर सैन्य आलं. दुसऱ्या वस्तीतल्या मोहॉक लोकांनी माँट्रियालला जाणारा मोठा पूल अडवून धरला. ७८ दिवस हे चाललं. २६ सप्टेंबरला वेढा संपला. मैदान वाढलं नाही, रान वाचलं. वादातली जमीन केंद्र सरकारनं विकत घेतली. पण जमिनीवरचा मूळ हक्क? तो प्रश्न अजून तसाच आहे.

नऊ वाट्यांसाठी एवढं झालं. आणि ध्यानात घ्या, भांडण खरं तर १९९० मध्ये सुरू झालं नाही. पहिली नऊ भोकं पडली तेव्हाच जमीन हातची चालली होती, आणि त्याच्याही आधी, दुसऱ्याच्या नावाचा कागद झाला तेव्हा.

दुसरी गोष्ट मेक्सिको देशाची. टेपोझ्तलान नावाचं गाव. राजधानीपासून गाडीनं दीड-दोन तासांवर, भोवती उंच कडे, कड्यावर जुनं देऊळ. जुन्या नाहुआ लोकांचा मुलूख. जमिनीसाठी लढलेला झापाता त्याच भागातला. गावाची पुष्कळ जमीन सामाईक, आणि तिथला डोंगर म्हणजे राष्ट्रीय उद्यान. देखावा एवढा सुंदर की बाहेरच्यांची नजर पडणारच. पर्यटकांचा रोपवे आणायला आले, गावानं परत पाठवले. रेल्वे आणायला आले, तेही परत गेले. मग १९९५ मध्ये एका कंपनीनं गोल्फचा बेत आणला. १८७ हेक्टर, म्हणजे जवळजवळ साडेचारशे एकरांच्या वर. अठरा भोकं, शेकडो बंगले, हॉटेल. मैदानाचा आराखडा जॅक निकलस या नावाजलेल्या खेळाडूच्या कंपनीचा. नोकऱ्या मिळतील, गाव सुधारेल, सगळं तेच सांगितलं जे आपल्याला सांगतात.

लोकांनी पहिली गोष्ट विचारली, पाणी कुठून आणणार? दुसरी विचारली, ही जमीन विकली कुणी? ती तर सामाईक. अध्यक्षानं लोकांना शब्द दिला होता की गावाला विचारल्याशिवाय परवाना देणार नाही. ऑगस्टमध्ये परवाना देऊन टाकला. देवळांच्या घंटा वाजल्या, सगळं गाव चौकात जमलं. लोकांनी पालिकेची इमारत ताब्यात घेतली, अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला. गावाच्या वाटांवर दगड रचून दिवसरात्र पहारे बसले. सप्टेंबरात प्रत्येक आळीनं आपली माणसं सुचवली आणि जुन्या रिवाजानं गावानं आपला कारभार स्वतः निवडला. सरकारनं तो मानला नाही, माणसं तुरुंगात टाकली. गाव हललं नाही.

१० एप्रिल १९९६. झापाताच्या खुनाचा तो दिवस. गावचे लोक गाड्यांत बसून राष्ट्राध्यक्षाला अर्ज द्यायला निघाले. बायामाणसं, म्हातारे, पोरं. वाटेत पोलिसांनी अडवून मारलं. साठी ओलांडलेला एक माणूस त्यात गेला. पोलीस म्हणाले आमच्याकडं हत्यारंच नव्हती, पण कुणीतरी चित्रीकरण केलं होतं, ते सगळ्या देशानं पाह्यलं. दोन-तीन दिवसांत कंपनीनं बेत सोडला.

ते जिंकले. पण एक माणूस गेला आणि कितीक तुरुंगात राहिले. म्हणून मी टाळ्या मागत नाही. मी एवढंच म्हणतो की गोळी खायची वेळ येण्याच्या आधीच जे करता येतं ते करू या.

आपल्याकडं काय आहे? नोव्हेंबर १९९६ मध्ये आपल्या राज्य सरकारनं नियम काढला आहे, थंड हवेच्या जागी खाजगी कंपन्यांना पर्यटनाची नगरं वसवता यावीत म्हणून. म्हणजे गाड्या उगाच फिरत नाहीत. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९९६ मध्ये, संसदेनं आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा केला. एक दार त्यांच्यासाठी उघडलं, एक आपल्यासाठी. आधी कोण शिरतो ते बघायचं.

या कायद्यात अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपली सामाईक साधनं आणि चालीरीती जपण्याचा अधिकार मानला आहे. प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेचा नाहीतर पंचायतीचा सल्ला घ्यायला पाहिजे असं लिहिलं आहे. खोटी आशा दाखवत नाही. 'सल्ला' लिहिलं आहे, 'संमती' नाही. पण जी ग्रामसभा भरलीच नाही, जिचा ठराव वहीत नाही, तिचा सल्ला कोण घेणार? त्याआधीचाही कायदा आहे. १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टर आणि सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून दलाल काय करतात? एखाद्या आदिवासीच्याच नावावर घेतात, नाहीतर कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन ठेवतात.

आपल्यातल्या तीन घरांनी इसार घेतला आहे. मला नावं माहीत आहेत, मी घेणार नाही. कुणीही त्यांच्या दारात जाऊन वाकडं बोलू नये. एका घरात आजारपण होतं, एका घरात लग्न. गरजेला माणूस हात पुढं करतो. त्या तिघांना मी इथून सांगतो, दादांनो, तुमच्याकडचा कागद घेऊन संघटनेकडं या. काय लिहिलं आहे ते आधी वाचू. परवानगीशिवायचा व्यवहार कायद्यात टिकत नाही. पैसे परत करायची वेळ आली तर आपण सगळे बसून मार्ग काढू. एकट्यानं दलालाशी बोलू नका.

कुणी म्हणेल, नोकरी मिळेल. मिळेल. मला मिळाली होती. बांबूनं दव झाडायची आणि पिशवी उचलायची. बायांना निंदणीची. पण ते काम करताना जमीन दुसऱ्याची असते, आणि उद्या मालकानं नको म्हटलं की परत यायला गाव राहत नाही.

तर करायचं काय? प्रत्येक वाडीनं या पंधरा दिवसांत म्हातारी माणसं आणि गुराखी पोरं यांना घेऊन शिवार फिरायचं. गावदेव, वाघदेव, मसणवटा, झरे, गुरांची वाट, राब तोडायची जागा, मोहाची झाडं, कंद खणायची जागा, सगळं एका मोठ्या कागदावर काढायचं. चित्र कसंही येऊ द्या, पण प्रत्येक जागेला आपलं नाव लिहा. जे फॉरेस्ट प्लॉट आधीपासून कसतो, त्यांच्या दंडाच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या असतील त्या बाहेर काढा. पावती दंडाची असली तरी तेवढी साक्ष तीच देते की तुम्ही तिथं होतात. मग ग्रामसभा भरवायची, बाया निम्म्या तरी पाहिजेत, आणि ठराव लिहायचा की आमच्या शिवारात रिकामी जागा नाही. ठरावाची एक प्रत तलाठ्याला, एक तहसीलदाराला, आणि पोच सही-शिक्क्याची घ्यायची. मोजणीवाले खुंट्या घेऊन आले तर एकट्यानं अडवू नका, आरोळी द्या, सगळे जमा, आणि आधी हुकूम दाखवायला सांगा.

कानेसाताकेच्या लोकांचं रान त्यांच्या मनात होतं, दुसऱ्याच्या कागदावर मात्र ती जागा रिकामी होती. आपलंही बरंचसं अजून मनातच आहे. ते कागदावर आणू या.

आजी, तू पुढंच बसली आहेस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आत्ता देता येतं. त्या चित्रातली ढोरं कुठं गेली नाहीत. चित्र काढायच्या आधी त्यांना बाजूला हाकललं. आपण आपलं चित्र काढू, त्यात ढोरं राहतील, तूही राहशील.

जंगल, जमीन, पाणी, गावाच्या हक्काचं!
जिंदाबाद.